वाकायला सांगणाऱ्या मॅडम

ऐन रोवण्याच्या दिवसांत पुण्याच्या एक मॅडम आमच्या सिंदेवाहीजवळच्या गावात आल्या, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. वाघानं ज्यांच्या घरातला माणूस नेला, त्या बायांचं मन मॅडम शरीराच्या हालचालींतून मोकळं करणार म्हणे. हातपाय हलवून मन मोकळं होत असतं, तर दिवसभर चिखलात धान रोवणाऱ्या आम्ही कधीच्याच सुखी झालो असतो.

धाकट्या जावेला घेऊन मी गेले ती नजर ठेवायलाच. मॅडमवर, आणि जावेवरही. उन्हाळ्यात जंगलात मोहाची फुलं वेचताना माझ्या दिराला वाघानं नेलं. तेव्हापासून जाऊ पाणी आणायची, पण रोवण्याला यायचं नाव काढत नव्हती. अंगणही झाडायची नाही. कंबर दुखते म्हणायची. कंबर दुखणारी बाई डोक्यावर पाण्याचे दोन गुंड घेऊन ताठ चालते कशी? ही कामचुकारपणा करते, असं मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

समाजमंदिरात मॅडमनी आम्हाला गोल उभं केलं. डोळे मिटा म्हणाल्या. एकीनंही मिटले नाहीत. मग म्हणाल्या, "आता हळूहळू वाका, जमिनीला हात लावा."

आम्ही वाकलो ते सवयीनं थेट रोवण्यासारख्याच, एकेक पाऊल मागे घेत. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "केवढं ओझं वाहताय तुम्ही," म्हणाल्या. घ्या! मला हसू आवरेना.

जाऊ तेवढी उभी होती. मान सारखी मागे वळत होती. मागे नुसती भिंत.

"काऊन वं, वाक ना," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"ते वाकूनच होते, बाई," ती म्हणाली. "मीबी वाकून होतो. उभं कोणीच नव्हतं."

मोह वेचताना एकानं उभं राहून राखण करायची, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी राखण माझ्याकडे होती. ऊन चढलं म्हणून मी त्यांना तिथंच सोडून घरी आले होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिनंही नाही.

मला स्वतःची किळस आली. मी तिच्या मागे गेले आणि तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

"वाक," मी म्हटलं. "मी पाहून राह्यलो."

मग तिचा हुंदका खालून, जमिनीजवळून आला. मी भिंतीवरची नजर हलवली नाही.