ज्वारीचे दाणे आणि भाच्याचा शेअर

मंडळी, आज सकाळी ज्वारी घ्यायला गेले होते. तीन पोत्यांतले दाणे चावून पाहिले, कुठल्या गावची ते विचारलं आणि पुन्हा पहिल्या पोत्याकडे आले. दुकानदार म्हणाला, "मावशी, ज्वारी घेताय की सून बघताय?"

तेवढ्यात भाच्याचा फोन. "मामी, नवा शेअर आलाय, लई पळणार हाय. आजच घ्या की!"

मिस्टर गेल्यावर त्यांच्या फंडातले चाळीस हजार याच भाच्याच्या शब्दावर मी एका शेअरमध्ये घातले होते. त्यातले अकरा उरलेत. तेव्हा एक प्रश्नही विचारला नव्हता.

दाणा तोंडात ठेवूनच मी विचारलं, "ही कंपनी करते काय रे?"

"ते बघावं लागंल."

"आणि मागच्या शेअरची कंपनी काय करते?"

"मामी, ते पण बघावं लागंल."

"बघून ये, मग बोलू," म्हणून फोन ठेवला.

माझ्या या चिकित्सेपायी मिस्टर पिशवी धरून तासभर उभे राहायचे. "झालं का चावून?" एवढंच विचारायचे. आज पिशवी मीच धरली होती, पण उरलेले पैसे वाचले.

तुम्ही धान्य घेताना विचारता तेवढे प्रश्न शेअर घेताना विचारता का?