बर्फातली गोष्ट आणि वर्नाची वीस मिनिटं

वर्ना पॉइट्रा आमच्या टर्टल माउंटनच्या आदिवासी कॉलेजात ग्रंथपाल आणि माझी शेजारीण. ती एका जागी बसलेली मी फक्त चर्चमध्ये पाहिली आहे, तीही पाय हलवत. यंदा मे महिन्यात तर तिने येरझाऱ्या घालून माझ्या स्वयंपाकघराची फरशी झिजवली. जूनमध्ये मोंटानात सगळ्या आदिवासी कॉलेजांच्या ग्रंथपालांचं आठवडाभर शिबिर असतं. नऊ वर्षं मागच्या खुर्चीत बसून टिपणं काढणाऱ्या बाईंना यंदा वीस मिनिटं बोलायला सांगितलं होतं.

"सेलेस्टिन आजीची कॅसेट लावते. गोष्ट सुरू झाली की सगळे चिडीचूप!" ती म्हणाली.

सूपसाठी मांसाचे गोळे वळता वळता मी म्हटलं, "लाव की. खिडक्या उघडून लाव, बेडकांनाही ऐकू दे."

ती मटकन खाली बसली.

आमच्यात कॅसेटवरच्या असल्या जुन्या गोष्टी जमिनीवर बर्फ असेपर्यंतच सांगतात. बेडूक जागे झाले की तोंड बंद, नाहीतर ते अंथरुणात शिरतात. चौऱ्याऐंशी वर्षांच्या सेलेस्टिन गूर्नोने कॅसेट याच अटीवर दिली होती. उन्हाळ्यात वाजली तर परत नेणार! ग्रंथालयात अशा कॅसेटी ठेवायच्या कपाटाला दर वसंतात कुलूप वर्नाच लावते, आणि भाषणाच्या नादात तीच विसरली. पुढे आठवडाभर तिला बघितलं की मी 'डराँव' करत होते.

भाषणासाठी तिला दुसरं काही सुचेना. शेवटी गेली तशीच, कॅसेट पर्समध्ये घालून.

भाषणाच्या सकाळी मी सेलेस्टिनकडे गॅलेट रोटी घेऊन गेले होते. फोन वाजला. म्हातारीच्या फोनचा आवाज अख्ख्या घराला ऐकू येतो.

"आजी, इथे बर्फ पडलाय! जूनमध्ये! गाड्या पांढऱ्या झाल्यात. अर्ध्या तासात माझी पाळी. लावू?"

आजीने खिडकीकडे कान केला. तळ्यावर बेडकांची सभा रंगात आली होती.

"बर्फ त्यांचा, आवाज माझा. आणि माझ्या दारात हे मेले ओरडतायत."

पलीकडे नुसती पावलं. तिथेही फेऱ्या चालूच!

"बरं," वर्ना म्हणाली. "कॅसेट टेबलावर ठेवते आणि का लावत नाही तेवढंच सांगते. हसले तर हसले."

फोन बंद झाला.

"हसतील का गं?" आजी म्हणाली.

"मी तर हसले असते."

"तू गप्प बस. पलंगाखालची पेटी ओढ."

पेटीत आणखी सहा कॅसेटी निघाल्या.

"अगं, होती तेवढी दिली म्हणाली होतीस ना?"

"वर्ना आली की तिला दे. तिथे लावली असती तर मला इथे कळलं असतं का? तरी पोरीने विचारलं."

मग गॅलेटला हातही न लावता ती घड्याळाकडे बघत बसली. वर्नाची पाळी अजून आलीही नव्हती, आणि ही तिसऱ्यांदा विचारत होती, "झाली का गं वीस मिनिटं?"