मुक्ताची दुपारची झोप

परवा एका लग्नात जेवणं झाल्यावर मामेबहीण सुनीताशी गप्पा मारत बसले होते. तिची पाच वर्षांची मुक्ता खेळता खेळता आली आणि आईचा पदर ओढून म्हणाली, "आई, मला झोप येतेय."

सुनीता बोलणं अर्धवट टाकून उठली. मुक्ताला जन्मापासून एक दुर्मीळ आजार आहे. जागेपणी ती घर डोक्यावर घेते, पण झोप लागली की तिचं शरीर श्वास घ्यायलाच विसरतं. डुलकी काढायची तरी श्वास देणारं यंत्र लागतं. सुनीतानं तिला सतरंजीवर निजवलं, तोंडावर मास्क नीट बसवला, सोबत आणलेलं यंत्र सुरू केलं आणि तिच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा बघत शेजारी बसली.

"दमत नाहीस गं?" मी विचारलं.

"दमते ना. पण आता झोप आली की ती स्वतः सांगते. आधी मला सारखं तिच्या डोळ्यांकडे बघत राहावं लागायचं."

मुलं झोपली की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. सुनीताचं काम तिथून सुरू होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर त्याची तक्रार कुठे दिसत नव्हती.

तासाभरानं मुक्ता उठली आणि मास्क काढून खेळायला पळाली. तेव्हा कुठे सुनीता पाणी प्यायली.