क्रँक पुलीच्या मानेवरची खाच

गोविंदकाकांनी माझ्या टेबलावर फडकं उलगडलं. आत जुन्या जीपची क्रँक पुली होती, दोन तुकड्यांत. क्रँक पुली म्हणजे इंजिनाच्या पुढच्या तोंडाला बसवलेलं लोखंडी चाक. त्यावरून पट्टा फिरतो आणि पंखा चालतो. तशी पुली काकांनी ठाण्या-कल्याणपर्यंत शोधली होती. मिळाली नव्हती.

“अशीच पायजे,” काका म्हणाले. “रविवारच्या आत.”

रविवार का, ते त्यांच्या मुलाने, सुरेशने सांगितलं. जीप आठ वर्षं अंगणात उभी होती. डोळखांबच्या पाड्यांवरचे पेशंट, बाळंतिणी काकांनी तिच्यातूनच शहापूरला आणलेल्या. आता वर्षभर ते एकेक पार्ट जोडत बसले होते आणि घरचे कंटाळले होते. शेवटी ठरलं, रविवारी जीप स्वतःच्या चाकांवर शहापूरला गेली तर राहील. नाहीतर सोमवारी भंगारवाला.

मुरबाडच्या कंपनीत बारा वर्षं लेथ चालवून मी नुकतंच शहापूरला स्वतःचं वर्कशॉप टाकलं होतं. लेथ म्हणजे लोखंड फिरवत ठेवून हत्याराने सोलायचं मशीन. डोक्यात हवा भरपूर. मी तुकडे जुळवून व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, लावला, मापं लिहिली. पट्ट्याची मोठी खाच कळलीच. पण मागच्या मानेवर, जो भाग इंजिनात शिरतो तिथे, आणखी एक बारीक खाच होती. नख अडकेल एवढी.

“ही कशाला?” सुरेशने विचारलं.

मला माहीत नव्हतं. पण तसं म्हणणार कसं? “ऑइल अडवायला,” मी ठोकून दिलं. “कंपनीचं डिझाइन बघा. ऑइल बाहेर यायला लागलं की या खाचेत थांबतं.”

काका काहीतरी बोलणार होते. पण माझं व्याख्यान संपेना, तेव्हा मान डोलावून गप्प बसले.

त्या खाचेसाठी मी खास हत्यार घासलं. अर्धा दिवस गेला. मूळ खाच जरा खडबडीत होती, माझी एकदम चकचकीत. कंपनीला जमलं नाही ते मला जमलं, असंही वाटून गेलं.

शुक्रवारी पुली बसवायला मी स्वतः त्यांच्या गावी गेलो. कौतुक समोर ऐकलेलं बरं असतं. जीप सुरू झाली, अंगणात टाळ्या पडल्या. दहा मिनिटांनी पुलीमागून ऑइलची धार लागली.

सुरेश वाकून बघत म्हणाला, “साहेब, खाचेत थांबत नाय वाटतं.”

मी पुन्हा सगळं तपासलं. सील नवीन, मापं बरोबर. मग काका हळूच म्हणाले, “साहेब, ती खाच कंपनीनं नाय पाडली. मीच पाडली. वीस वर्षं गाडी पळवून.”

ऑइल सील ही मानेला घट्ट बसून ऑइल अडवणारी रबरी कडी. ती वर्षानुवर्षं घासून लोखंडात चर पडला होता. मी ती झीज मन लावून, मापात, नव्या लोखंडात उतरवली होती, त्यामुळे नवीन सील मानेला टेकतच नव्हतं.

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तुमी एवढं समजावून सांगत होता. मला वाटलं, मलाच वीस वर्षं म्हायती नव्हतं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या हुशारीपायी या माणसाची गाडी भंगारात जाणार होती.

शनिवारी सकाळी सहालाच वर्कशॉप उघडलं. खाच जाईपर्यंत पुलीची मान सोलून बारीक केली. तिच्यावर स्लीव्ह, म्हणजे लोखंडाची पातळ बांगडी, तापवून चढवली. ती गार होऊन आवळल्यावर पुन्हा मापात आणली. काका शेजारी स्टुलावर बसले होते. या वेळी दर पायरीला मीच त्यांना विचारत होतो.

रविवारी दुपारी जीप वर्कशॉपसमोर थांबली. स्टिअरिंगवर काका. मागे सुरेशची मोटरसायकल आडवी टाकलेली आणि तिला धरून सुरेश. जीप बंद पडली तर काकांना घरी न्यायला तो मागून निघाला होता. वाटेत त्याचीच गाडी पंक्चर झाली.

काकांनी वाकून पुलीखाली बोटं फिरवली आणि मला दाखवली. कोरडी. माझे डोळे तेवढे कोरडे नव्हते.

“आता भंगारवाल्याला काय सांगू?” सुरेशने विचारलं.

“ये म्हणावं,” काका म्हणाले. “तुझी मोटरसायकल दाखवू.”

तेव्हापासून जुना नमुना आला की मी व्हर्नियर नंतर काढतो. आधी गिऱ्हाइकाला विचारतो, हा पार्ट असाच बनवला होता की वापरून असा झाला? बहुतेक वेळा त्याला माहीत असतं. फक्त तो सांगेपर्यंत आपण तोंड बंद ठेवायचं असतं.