अंगठ्याखालची नाडी

शेजारची मधुरा पुढच्या महिन्यात नर्सिंगला जाणार, म्हणून आत्तापासूनच दिसेल त्याची नाडी बघत सुटली आहे. बायपास होऊन मी घरी आल्यापासून रोज संध्याकाळी येते, माझं मनगट धरते आणि घड्याळाकडे बघत ओठांतल्या ओठांत मोजते.

"काकू, एकदम मस्त चाललीय!"

पण ती अंगठा टेकवते. अंगठ्याला स्वतःची नाडी असते, म्हणून बोटांनी बघायची, असं दवाखान्यातल्या सिस्टर सांगायच्या. म्हणजे मधुरा मोजते ते तिचेच ठोके.

सांगायला हवं. नाहीतर कॉलेजात बोलणी खाईल पोर. उद्या नक्की सांगेन.

आज मात्र हात तसाच राहू दिला. ऑपरेशननंतर माझ्या छातीतल्या धडधडीला मी एकटीच धास्तावून कान लावून बसायचे. आता कुणीतरी स्वतःचे ठणठणीत ठोके माझे म्हणून मोजतंय.