घोडीच्या वाटणीचं एक माप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हमीदाला नाही — आणि बायकोपासून मी माझ्या शुगरचे रिपोर्टसुद्धा लपवत नाही. मुलीला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला मशिदीत भेटणार नाही, आणि तुमच्याकडे घोडी असण्याचीही शक्यता कमी.

आधी माझी थोडी ओळख. अठ्ठावीस वर्षं मी दुबईत स्पेअर पार्टच्या गोदामात स्टोअरकीपर होतो. माझ्या ताब्यातला एक नट कधी कमी भरला नाही. दापोलीकडचा माणूस, हाताचा स्वच्छ — अशी माझी ख्याती, आणि ती पसरवण्यात माझाही थोडा हात होता, खोटं कशाला बोलू? रिटायर झालो, मुलीच्या व्हिसावर दुबईतच, अल कुसैस भागात राहिलो, आणि त्याच वर्षी माझे गुडघे गेले.

जिने चढताना होणारा त्रास मी सोसला. पण आमच्या मशिदीत मागच्या भिंतीला लागून खुर्च्यांची एक रांग आहे. गुडघ्यांची माणसं तिथे बसून नमाज पढतात. त्यांना मी इतकी वर्षं मनातल्या मनात ‘खुर्चीवाले’ म्हणत आलो होतो. एका जुम्म्याला मीच तिथे जाऊन बसलो. शेजारचे गृहस्थ ऐंशीचे असतील. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली — या, तुमचीच वाट बघत होतो, अशी. मला ते फार लागलं.

आता घोडी कुठून आली ते सांगतो. माझी मुलगी अफ्रीन इथेच वाढली. आपण मराठीत विचारायचं, ती इंग्रजीत उत्तर देणार. एका शनिवारी मैत्रिणींबरोबर शहराबाहेर धैद गावाच्या रस्त्यावरच्या एका तबेल्यात गेली आणि घोडी दत्तक घेऊन आली. लांब पल्ल्याच्या शर्यतीत पडलेली, मालकानं सोडून दिलेली, पुढच्या उजव्या पायाचा गुडघा नारळाएवढा सुजलेला. नाव ठेवलं बिस्किट. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं — सांधा खराब झालाय, तीन महिन्यांत फरक पडला नाही तर इंजेक्शन देऊन तिला सोडवावं लागेल. मी म्हटलं, बाळा, एवढा घोर कशाला लावून घेतेस? तर म्हणाली, “अब्बा, शी इज ओन्ली नाइन.”

उपचार दोन. एक, गुडघ्यावर रोज अर्धा तास गार पाण्याची धार, मग पट्टी, मग हळूहळू चालवणं. हे काम तबेल्यातल्या मोतद्दाराचं. नूरचाचा त्याचं नाव, मुलतानकडचा, पन्नाशी उलटलेला. दुसरा उपचार म्हणजे सांध्यांची पावडर, रोज दोन मापं, कोंड्यात कालवून. एक बादली चारशे दिरहमची. “म्हणजे नऊ हजार रुपयांच्या वर,” हमीदा कपाळाला हात लावून म्हणाली. एवढं महाग औषध तबेल्यात कसं ठेवायचं? कुणी लांबवलं तर? म्हणून बादली आमच्या स्वयंपाकघरात राहिली, आणि रोज संध्याकाळी डब्यात दोन मापं घेऊन गाडीने जायचं काम माझ्याकडे आलं. “अब्बा कॅन बी ट्रस्टेड,” मुलगी म्हणाली.

नूरचाचा माणसाचा चेहरा नंतर बघायचा, आधी पाय बघायचा. पहिल्याच दिवशी माझी चाल बघून त्याने स्टूल आणून ठेवलं. दाढी बघून मला ‘हाजीसाब’ म्हणायला लागला. मी हजला गेलेलो नाही. सांगणार होतो — पण ऐकायला बरं वाटत होतं.

तर — आता मुद्द्यावर येतो. येतोच आहे.

त्या बादलीवर उडी मारणाऱ्या घोड्याचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, सांध्यांसाठी. ती ओळ मी किती वेळा वाचली असेल? सांधे म्हणजे सांधेच ना? पहिल्या दिवशी बोटाला लागलेलं तेवढं चाटलं. चव वाईट नव्हती. दुसऱ्या दिवशी अर्धा चमचा. दुसऱ्या आठवड्यापासून दोन मापांतलं एक माप सरळ माझं, दुधातून, सकाळी हमीदा आंघोळीला गेली की. घोडी सव्वाचारशे किलोची, मी चौऱ्याऐंशीचा. वजनाच्या हिशेबाने मला अर्धं मापसुद्धा जास्त होतं. स्टोअरकीपरला एवढा हिशेब येत नव्हता असं म्हणू का?

आणि डब्यात जे माप कमी पडलं, त्याच्या जागी मी नाचणीचं पीठ घातलं. रंग जवळपास तोच. बिस्किटला नाचणी फार आवडली. डबा दिसला की खिंकाळायची. नूरचाचा म्हणायचा, “हाजीसाब, दवा के लिए इतनी खुश घोड़ी मैंने नहीं देखी.”

पाच आठवड्यांत मी खुर्चीवरून उठलो. पुढच्या रांगेत, जमिनीवर, सगळ्यांसारखा कपाळ टेकवून सजदा. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, आणि मी अल्लाचे आभार मानले — घोडीचं औषध खाऊन. लोक विचारायला लागले, काय घेता? काहीतरी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, हमीदाचे मेथीचे लाडू. झालं. अकरा घरांतून मागणी आली. लाडू वळून वळून बिचारीचा खांदा धरला, पण खुश होती.

बिस्किट मात्र लंगडत होती. दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी गुडघा दाबून बघितला आणि मान हलवली. म्हणाल्या, महिना उरलाय. परत येताना गाडीत अफ्रीन रडत होती. मी गाडी चालवत होतो. तेव्हाच सांगायला हवं होतं ना? अर्ध्या तासाचा रस्ता होता. सिग्नलही बरेच लागले.

दुसऱ्या दिवशी तिने डोकं चालवलं. पावडर तर बरोबर जातेय, अब्बा देतात. म्हणजे चूक मोतद्दाराची. पाण्याची धार देत नसेल, पट्टी सैल बांधत असेल. मुलगी माझी वाईट नाही, घाबरलेली होती. तिने तबेल्याच्या मॅनेजरकडे तक्रार केली. त्याने नूरचाचाला बोलावलं आणि त्याच्यासमोरच मला विचारलं, “आप तो रोज़ आते हैं, हाजीसाब. ये बराबर पानी देता है कि नहीं?”

मी बघितलं होतं. रोज बघत होतो. अर्धा तास उकिडवा बसून, हातात पाइप धरून, तिच्याशी बोलत धार सोडणारा तो माणूस. मिनिटभरही कमी नाही.

मी म्हणालो, “मैं तो बस शाम को थोड़ी देर आता हूँ.”

एवढंच. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. त्याच दिवसापासून नूरचाचाला मागच्या बाजूला लीद काढायला आणि गवताचे गठ्ठे वाहायला लावलं. बिस्किटकडे दुसरा माणूस आला.

मी भित्रा आहे, पण दगड नाही. दुसऱ्या दिवसापासून डब्यात पुरी दोन मापं जायला लागली. माझं दूध नुसतंच. आणि ऐका — सूज उतरायला लागली. महिना संपायच्या आत घोडी नीट पाय टाकायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तो इंजेक्शनचा विषय काढला नाही. अफ्रीनने माझ्या गळ्यात पडून सांगितलं, “सी, अब्बा? इट वॉज दॅट मॅन.” सगळ्या तबेल्याला पटलं. म्हणजे माझा प्रामाणिकपणा परत आला, आणि त्यानेच नूरचाचाला पुरता चोर ठरवलं. पावडरीचा गुण की नुसत्या दिवसांचा, मला ठाऊक नाही. त्याने मला काय फरक पडतो?

माझे गुडघे पुन्हा गेले. मी खुर्चीवर आलो. शेजारच्या गृहस्थांनी पुन्हा मान हलवली. लोकांनी लाडू बंद केले आणि हमीदाला वाटलं, तिच्याच हाताची चव गेली.

नूरचाचाचा करार संपला, तेव्हा जायच्या आधी तो बिस्किटला भेटायला आला. तिने सरळ त्याच्या खिशात नाक घातलं. तो तिचा गुडघा चाचपत बराच वेळ बसला. मग उठला आणि माझ्या पायांकडे बघितलं — तसंच, पहिल्या दिवशीसारखं.

“अजीब बात है, हाजीसाब,” तो म्हणाला. “जब आप चलते थे, ये लंगड़ाती थी. अब ये चलती है, तो आप लंगड़ाते हैं.”

मी म्हणालो, “मौसम का असर है.”

“जी,” तो म्हणाला, आणि मोहरीच्या तेलाची एक बाटली माझ्या हातात ठेवली. झोपताना चोळायला. “दुआ में याद रखना, हाजीसाब.”

हजला मी अजूनही गेलेलो नाही. तेही मी त्याला सांगितलं नाही.