आबांच्या रिवालवरचं कपाळ

या, बसा हितं बाकावर. चहा सांगतो. आज दुपारी माझा मेलेला बाप दुकानात येऊन गेला, त्याची गोष्ट सांगतो तुम्हाला. हसायचं न्हाई मात्र.

मी बंदुका दुरुस्त करतो, परवानावालं दुकान हाय, तुम्हाला ठाऊकच हाय. आबांचं, म्हंजे माझ्या बापाचं रिवालवर, त्यांच्या बापाला संस्थानच्या शिकारखान्यात बक्षीस मिळालेलं, आबा गेल्यापास्नं ठाण्यात जमा होतं. वारसाच्या लायसनला त्याच्यावरचा नंबर लागतो. ठाण्यानं तपासायला माझ्याकडंच धाडलं. सकाळी रॉकेल पाजलं, उघडलं, उलटंपालटं केलं. नंबर न्हाई. आमचं दाजी म्हनत्यात, "गावठी हाय ते. तुमच्या आज्ज्याला फशिवलंय." उद्या परत द्यायचं. नंबर न्हाई तर मग सरकारी भट्टीत वितळवून त्याचं पाणी.

म्हणून ठरवलं, पॉलिश पेपर मारून लोखंड उजळ करायचं, मग दिसंल काय ते. पेपर भिजत घातला. जरा पाठ टेकली, रिवालवर हातातच.

डोळा लागतोय न लागतोय. पंखा फिरतोय, आवाज येत न्हाई. समोर आबा बसल्यात. धोतर ओलं, आत्ताच न्हाऊन आल्यासारखं.

"लोकांच्या बंदुका बऱ्या करतोस," म्हनत्यात. "बापाचं तेवढं जमंना व्हय, निवास?"

"नंबर गावंना, आबा."

"आन् त्यो कागद कशाला भिजवलास?"

"घासतो की."

मी मान वर करतो तर आमच्या गोठ्यामागचा आड. दसरा हाय. पाटावर विळा, कुऱ्हाड, रिवालवर, झेंडू. पण पायाखाली माझ्या दुकानातलीच फरशी, तेलाचं डाग पडलेली. आबा बोट खोबरेलात बुडवत्यात, मग कुंकवात.

"हत्याराला कपाळ असतंय," म्हनत्यात. "मी दरसाली एकाच जागी लावलं. पुसलं कधी न्हाई. पुजलेलं पुसायचं नसतं."

"कुठं हाय ते कपाळ?"

माझा अंगठा धरत्यात. हात गार, नळीसारखा. घोड्याच्या जरा वर, लोखंडावर दाबत्यात. जोर तसाच, जिता असताना होता तसा.

"घासू नगंस, लेका. घासलंस तर मी बी जाईन."

मला लई बोलायचं असतं. तोंडातनं एवढंच निघतं, "आबा, जेवलासा?"

"तुझी आई वाढतीया," म्हनत्यात, आन् आडातनं पोहऱ्याचा आवाज येतो.

त्यो पोहरा नसतोय, पंखा कुरकुरत असतोय. पॉलिश पेपर वाळून वाकडा झालाय. घोड्याच्या वर काळं-तांबडं पापुद्रं होतं, सकाळपास्नं मी गंज म्हनत होतो त्याला. गंज न्हवं ते. आज्ज्याचं कुंकू, त्यावर आबांचं कुंकू, खोबरेलात थिजलेलं. रॉकेलनं मऊ झालंय.

आन् ह्यो बघा माझा अंगठा, झोपेत तिथंच दाबलेला. तांबडालाल. त्यात उठल्यात बघा आकडं, उलटं.

ह्यो आबांच्या लायसनचा जुना कागद, ह्याच्यावर नंबर लिवलेला हाय. मी अजून ताडून बघितलं न्हाई. माझ्यानं बघवंना. अंगठा पुसलेला न्हाई, चहाचा कप बी डाव्या हातानं धरतोय. तेवढा खुंटीवरचा आरसा घ्या, आन् एकेक आकडा वाचा. सावकाश वाचा.